साहेबांचा कागद

हे प्रकरण मी पुष्कळदा सांगितले आहे. नव्या उपनिरीक्षकांसमोर सांगितले, निवृत्तीच्या समारंभात सांगितले, एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनातही सांगितले. पण दरवेळी अर्धेच. भावाने बहिणीचा हात धरला आणि ठाण्यातल्या सगळ्यांचे डोळे भरून आले, इथे मी थांबायचो. लोक टाळ्या वाजवायचे. पुढचे अर्धे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेले नाही. ते आज लिहितो.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षे मी भिवंडीत होतो. आमचे पोलीस ठाणे नारपोलीच्या बाजूला. दिवसभर यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा आवाज. पहिल्या आठवड्यात डोके दुखायचे, पुढे पुढे आवाज थांबला की दचकायला व्हायचे. वीज गेली की लूम बंद, लूम बंद की माणसे रस्त्यावर, आणि माणसे रस्त्यावर आली की अर्ध्या तासात आमच्याकडे पहिले भांडण हजर. ठाणे अंमलदार दिवा गेला की स्टेशन डायरी पुढे ओढून पेनाचे टोपण काढून बसायचा.

लूमवाल्यांच्या तक्रारी मारामारीच्या असत. गावाकडून येणाऱ्या तक्रारी वेगळ्या. पूर्णा गाव आणि त्या पट्ट्यातल्या भातशेतीवर तेव्हा गोदामे उभी राहू लागली होती. ज्या बांधावर काल बगळे बसायचे तिथे आज पत्र्याची भिंत. जमिनीला किंमत आली आणि घराघरात कागद शिरला. त्याआधी लोक सातबारा कधी बघतसुद्धा नसत. आता ज्याच्या त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा.

अशा घरगुती तक्रारींसाठी मी एक पद्धत काढली होती. दोन्ही बाजूंना बोलवायचे, चहा द्यायचा, थोडे रागवायचे, थोडे समजावायचे, आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर समझोता लिहायचा. लिहायचो मी स्वतः. माझे अक्षर चांगले आहे, शाळेत फळ्यावरचा सुविचार माझ्याकडे असे. लोक त्याला ‘साहेबांचा कागद’ म्हणत. आमचे एक जुने हवालदार होते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. ते म्हणायचे, “साहेब, आता फक्त काळा कोट शिवायचा राहिलाय तुमचा.” मला त्याचा अभिमान वाटे. अर्ज निकाली निघायचा, वरिष्ठ खूश, लोक पाया पडायला यायचे. कायद्यात त्या कागदाला काय किंमत आहे, हे मी कधी कुणाला विचारले नाही. मलाही कुणी विचारले नाही.

अशात एक दिवस दुपारी दिघाशीची एक बाई आली. पन्नाशीची, काटक, नऊवारी नेसलेली. हातात टाइप केलेला तक्रार अर्ज. मी अर्जावर नजर टाकली आणि कपाळाला आठी पडली. अर्जात कलमे होती. फसवणूक, खोटा मजकूर, सगळे क्रमाने. पोलिसाच्या मनात अशा वेळी एकच विचार येतो, बाई पढवलेली आहे.

“हा अर्ज कोणी लिहिला, मावशी?”

“कोर्टासमोर एक वकीलबाय बसतं, तिनं. पैसं न्हाय घेतलं तिनं.”

“आधी वकिलाकडे आणि मग पोलिसाकडे?”

“तलाठ्याकडं गेलती, तो बोलला तहसीलला जा. तहसीलमदीं बोलले कोर्टात जा. कोर्टात कुनी बोललाच न्हाय, ही एकटी बोलली,” ती म्हणाली. “तुमी पन दुसरीकडं धाडनार असाल तर आताच सांगा, माजी पाचची एसटी हाय.”

हवालदार हसले. मीही हसलो, आणि तिला बसायला सांगितले.

तिची हकिगत अशी. माहेर पूर्णा. आईवडील गेलेले, पाठीवर एकच भाऊ. वडिलांच्या माघारी जमिनीवर दोघांचीही नावे लागली होती. तिचा नवरा वारल्यानंतर ती मुलीला घेऊन दिराच्या पडवीत राहत होती. मुलगी दहावीला. मुलीच्या कसल्या दाखल्यासाठी सातबारा काढायला गेली, तर तिच्या नावाला कंस झालेला. जमिनीवरून ज्याचे नाव जाते त्याच्या नावाभोवती तलाठी कंस घालतो. तिला वाचता येत नव्हते, सही तेवढी येत होती, पण कंस काय असतो हे तोवर पट्ट्यातल्या सगळ्या बायकांना कळले होते. चौकशी केली तेव्हा समजले की तिने भावाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून दिले आहे. म्हणजे जमिनीवरचा आपला हिस्सा राजीखुशीने सोडला आहे.

“सही तुमची आहे?” मी अर्जाला जोडलेली दस्ताची नक्कल पुढे केली.

“माजीच.”

“फोटो?”

“माजाच. अंगठा पन माजाच. पन मना सांगलं, वारसाच्या नोंदीत एक सही राहिली हाय. भाचीचं लगीन होतं. हलद झाली, दुसऱ्या दिशीं सकालचं गारीत घातलं, एक सही, एक अंगठा, आन परत मांडवात.”

“आता तुम्हाला काय पाहिजे? हिस्सा?”

ती म्हणाली, “हिस्सा घेऊन मी काय गोदाम बांधू? बापाचे घरामागं दोन गुंठं हाय. तेवरं पाहिजे. दोन खोल्या बांधीन. पोरीला सांगता यायला पाहिजे, यो माजे आईचा घर हाय.”

एवढेच तिचे मागणे होते. दोन गुंठे आणि आपले म्हणावे असे दार.

दोन दिवसांनी ती वकीलबाई स्वतः आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, भिवंडीचीच, वडील नगरपालिकेत नोकरीला होते असे हवालदारांनी मला कानात सांगितले. तिची सनद नवी होती आणि ती कोर्टासमोर झाडाखाली एक टेबल टाकून बसायची. मी तिला बराच वेळ बाकावर बसवून ठेवले. हे मुद्दाम केले, तेही सांगून टाकतो.

“साहेब, गुन्हा दाखल करा,” ती म्हणाली. “दखलपात्र आहे. आणि दस्त रद्द करायचा दावा मी दिवाणी कोर्टात लावते. बाईंना फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.”

“मॅडम, भावाबहिणीत कोर्ट कशाला घालता? मी मिटवतो.”

“मिटवा की. पण मिटलं ते नोंदणी कार्यालयात नेऊन नोंदवा. माझा एक तासाचा मसुदा आहे. फी पण घेणार नाही.”

“फी घेणार नाही तर जेवणार काय?” मी म्हणालो. बाकीचे हसले.

ती हसली नाही. “महिलांना कोर्टातून वकील फुकट मिळतो साहेब. कोर्टाच्या व्हरांड्यात बोर्ड आहे तसा. तुम्ही रोज त्याच्याखालून आरोपी घेऊन जाता.”

ती गेल्यावर मी बराच वेळ चिडलेलो होतो. बोर्ड मी पाहिला होता.

असो. चौकशी मी मनापासून केली, त्यात कसर ठेवली नाही. हवालदारांना दस्ताच्या जादा प्रती काढायला नोंदणी कार्यालयासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवले. ते परत आले ते हसतच.

“साहेब, खबर आहे. हा दस्त करून घेणारा जो जमिनीचा दलाल आहे ना, त्याच्यावर तो झेरॉक्सवाला तापलाय. म्हणतो, ‘इस दस्त का फोटो फिर लाया? इसका गाल काला आता है, और वो दलाल बोलता है मेरी मशीन खराब है. तीन बार निकाला, पैसे एक के दिये. मशीन ठीक है साहब, बाई हळद लगा के आयी थी तो मैं क्या करूँ?’”

मी नक्कल पुन्हा हातात घेतली. खरेच, फोटोतल्या बाईच्या दोन्ही गालांवर काळपट डाग होते. मला तो झेरॉक्सचा दोष वाटला होता. लगेच गाडी काढून नोंदणी कार्यालयात गेलो आणि त्यांच्या संगणकावर मूळ फोटो पाहिला. तो रंगीत होता. दोन्ही गाल, कान, गळा, सगळे पिवळेधमक. केसांत गजरा. आणि चेहऱ्यावर हसू. भाचीच्या लग्नातल्या आत्याचे असते ना, तसे भरभरून हसू.

आता दस्ताच्या शेवटच्या पानावर काय होते पाहा. हा दस्त लिहून देणारीला दिघाशी येथील तिच्या राहत्या घरी, आज सकाळी, दोन साक्षीदारांसमक्ष सावकाश वाचून दाखवला व तिने तो समजून घेतला. हळदीच्या मांडवातली बाई त्याच सकाळी दिघाशीच्या घरी बसून चार पानी दस्त ऐकते, हे कसे जमले?

साक्षीदारांपैकी एक निघाला लग्नाचा मंडपवाला. त्याला बोलावले. चौकशीत मी कधी पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारत नसे. माणसाला त्याच्या धंद्याचे विचारावे, तिथे तो खोटे बोलायला तयार होऊन आलेला नसतो.

“त्या लग्नाला मंडप किती मोठा होता?”

“चाळीस बाय साठ, साहेब. वरनं झालर. पूर्ण पट्ट्यात तसा कुनाचा न्हवता.”

“लग्नाच्या दिवशी सकाळी तुमची माणसं काय करत होती?”

“झालर पडली ना साहेब, वाऱ्यानं! सकालपासनं दुपारपरत मी सवता शिडीवर.”

“शिडी पूर्ण्यात होती की दिघाशीत?”

हवालदारांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. दोन घोट पिऊन तो म्हणाला, “दलाल बोलला, धा मिंटं चल, आत्याची वारसाची सही हाय, साक्षीला कुनीतरी पाहिजे. मी वाचला न्हाय साहेब. मना शिडीची कालजी.”

त्याचा जबाब घेतला. प्रकरण तिथेच उलगडले होते. फसवणुकीचा गुन्हा सरळ उभा राहत होता. दलाल मात्र पक्का होता. खुर्चीत रेलून म्हणाला, “सही तिची, अंगठा तिचा, फोटो तिचा. साहेब, हळद लावून सही करू नये असं कुठल्या कायद्यात आहे?”

राहिला भाऊ. त्याला बोलावले तेव्हा दारातूनच त्याने हात जोडले. पंचेचाळिशीचा, अंगाने दांडगा, पण मान वर होईना. खुर्ची दिली तरी खाली फरशीवर बसला.

“बहिणीला फसवलंत?”

“हो साहेब.”

मला नाही म्हणणाऱ्या माणसाची सवय.

“का?”

“गोदामवाली पार्टी बोलली टायटल साफ पाहिजे. दलाल बोलला, सगल्या बहिनी सोडतात, इचारायचं नसतं, इचारलं का वकील घुसतं. मी बोललू, ती माजी बहीन हाय, सांगितलं तर हसत देल. तो बोलला, मंग सांगायचं कशाला?” त्याने तोंडावर पंचा धरला. “सांगितलं असतं तर दिलं असतं साहेब तिनं. ह्याच सलतंय.”

तेवढ्यात बहीण आली. मी तिला मुद्दाम बोलावले होते. भाऊ फरशीवर बसलेला पाहिला आणि ती माझ्यावरच उखडली.

“यो खाली का बसलाय? कंबर धरतं त्याची! खुर्ची न्हाय काय तुमचेकडं?”

“मावशी, मी खुर्ची दिली होती...”

“दिली होती म्हनं. उठ रं. जेवलास का न्हाय?”

भावाने मान हलवली. तिने पिशवीतून फडके काढले. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी मासळी. आरोपी फिर्यादीच्या हातची भाकरी खातो आहे आणि फिर्यादी त्याला “बारीक काटा बघून खा” सांगते आहे, असे दृश्य मी नोकरीत पुन्हा पाहिले नाही. मासळीच्या वासाने लॉकअपमधला एक जण उठून गजाला येऊन उभा राहिला. तिने त्यालाही अर्धी भाकरी दिली. हवालदार तोंड फिरवून डोळे पुसत होते.

“साहेब,” ती मला म्हणाली, “गुन्हा नको. तुरुंगात धाडू नका त्याला. दोन गुंठं देल तो.”

“देतो बाय,” भाऊ म्हणाला. “माजे हातानं खोली बांधून देतो.” आणि त्याने तिचा हात धरला.

इथे टाळ्या पडायच्या.

आता पुढचे.

स्टॅम्पपेपर आणला. मी लिहायला बसलो. भावाने घरामागचे दोन गुंठे बहिणीला कायम राहण्यासाठी द्यावेत, खोली बांधून द्यावी, त्याने वा त्याच्या वारसांनी हरकत घेऊ नये. सुरेख लिहिले. मग अडलो. माझ्यापुढे दखलपात्र गुन्ह्याचा अर्ज होता, मंडपवाल्याचा जबाब होता, आणि गुन्हा मी दाखल करत नव्हतो. उद्या कुणी विचारले तर? अर्ज दप्तरी टाकायला आधार हवा. म्हणून शेवटी एक ओळ घातली. ‘सदर हक्कसोडपत्राची मला आज रोजी संपूर्ण माहिती झाली असून ते मला मान्य आहे व त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही.’

कागद मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. दोन गुंठे वाचले, खोली वाचली, वारसांची हरकत वाचली. ती ओळ वाचली नाही. डोळ्यांनी ओलांडली आणि “इथे सही करा” म्हणालो. त्यावेळी मनाला सांगितले की ही सरकारी भाषा आहे, तिला काय कळणार, उगाच घाबरेल. खरे कारण वेगळे होते. ‘मान्य आहे’ हे शब्द ऐकून ती “का मान्य?” विचारेल हे मला ठाऊक होते. ती तशीच बाई होती.

सही करताना तिने विचारले, “हा कागद त्या वकीलबायला दाखवू काय एकदा?”

“कशाला?” मी म्हणालो. “वकील मध्ये आला की भाऊ तुटतो मावशी. मी आहे ना. माझ्या अक्षरात आहे.”

ती हसली. तिच्या लेखी पोलिसाच्या खुर्चीतला माणूस वाचून दाखवतो म्हणजे तेवढेच कागदात असते. भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून ती गेली. दलालालाही मी समज देऊन सोडला. हळद लावलेल्या बाईला त्याने जे केले, तेच मी त्या दुपारी टेबलावर बसून, चहा पाजून, जास्त चांगल्या अक्षरात केले. हे कळायला मला काही वर्षे लागली.

भावाने शब्द पाळला. दोन खोल्या स्वतः उभे राहून बांधल्या. माझी बदली झाली तेव्हा ती वालाचे बिरडे घेऊन निरोपाला आली होती. चार वर्षे ती त्या घरात राहिली. मग भाऊ अचानक गेला, छातीत कळ येऊन. भाच्यांनी उरलेली जागा गोदामाला दिली, आणि गोदामासमोर ट्रक वळायला जागा कमी पडू लागली. आत्याचे घर नेमके वळणावर. भाच्यांनी हक्कसोडपत्र काढले. तिने साहेबांचा कागद काढला.

त्या कागदाची नोंदणी झालेली नव्हती, त्यामुळे जमीन देण्याच्या बाबतीत त्याला काही बळ नव्हते. ती त्याच वकीलबाईकडे गेली. वकीलबाईंनी हक्कसोडपत्र रद्द करण्याचा दावा लावला आणि आधार म्हणून माझा कागद जोडला, दोन गुंठे दिल्याचा दुसरा कागद नव्हताच. समोरच्या वकिलाने तो शांतपणे वाचला आणि न्यायाधीशांना माझी शेवटची ओळ दाखवली. फसवणूक तिला त्या तारखेला पूर्णपणे माहीत झाली होती, तिने ती मान्यही केली होती. मुदत तीन वर्षांची, दावा चार वर्षांनी. तिला वाचवायला लिहिलेला कागद तिच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला.

मला साक्षीचे समन्स आले. मी तेव्हा लांबच्या जिल्ह्यात होतो. पहिल्या तारखेला खरोखरच बंदोबस्त होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेला नव्हता. तरी बंदोबस्ताचेच कारण कळवले. पिंजऱ्यात उभे राहून मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. गुन्हा असून मी दाखल केला नाही, आणि ती ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. बढती तोंडावर होती. चौकशी लागली असती. मी गेलो नाही. पुरावा बंद झाला, दावा फेटाळला गेला. घर पाडले. बढती मला मिळाली.

निवृत्तीनंतर मी दिघाशीला गेलो. ती पुन्हा त्याच पडवीत होती. मुलगी पूर्ण्याच्याच एका गोदामात खोकी मोजायच्या ड्युटीवर जाते. बाई म्हातारी झाली आहे, डोळ्याला जाड चष्मा.

“बारीक झालात साहेब. सून जेवाया घालत न्हाय काय?” ही तिची पहिली वाक्ये.

भावाचा विषय निघाला. म्हणाली, “दिला होता ना त्यानं घर. दिल्याबिगर न्हाय गेला तो. माजा त्याच्यावर राग न्हाय.” मग आत जाऊन तिने कागद आणला. पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये मढवून घेतलेला. “कोर्टात सगले भराभर वाचत होते. यात एक ओल हाय म्हनतात, तिच्यापायी गेलं. कनची ती? दाखवा.”

मी बोट ठेवले आणि वाचली. सावकाश, एकेक शब्द.

“ही तवा वाचली न्हवती तुमी.”

“नाही.”

“मना वाटलंच. आयकली असती तर ध्यानात राहिली असती.” मग ती उठली. “भाकरी गार होतेय. जेवा.”

मी जेवलो. तिने वाढले तेवढे सगळे जेवलो.

तीस-पस्तीस वर्षांत पाहिलेल्या सगळ्या प्रकरणांपैकी मला शिकवले ते याच एकाने. जमिनीच्या, घराच्या, वारसाच्या कागदावर सही करायची असेल तर त्याआधी वकिलाकडे जा, नंतर नको. भाऊ प्रेमळ असला तरी जा. विशेषतः प्रेमळ असला तर जा, कारण तेव्हा विचारायची लाज वाटते. पोलीस ठाण्यात झालेली मिटवामिटवी ही फक्त त्या दुपारपुरती असते. ती टिकवायची तर योग्य ठिकाणी नोंदवावी लागते, आणि ते पोलिसाचे काम नाही. गुन्हा वेगळा, दिवाणी हक्क वेगळा. एक सोडला म्हणून दुसरा सुटत नाही, पण मुदतीचे घड्याळ दोन्हींचे चालू असते. फीची भीती असेल तर कोर्टात विधी सेवा समितीचे कार्यालय विचारा. आणि खुर्चीत बसलेला एखादा भला माणूस जर म्हणाला, “वकील कशाला, मी आहे ना,” तर त्याच क्षणी उठा आणि वकिलाकडे जा. मी भला माणूस होतो. तिच्याबद्दल मला खरीच माया होती, आजही आहे. पण त्या मायेने ती ओळ काही वाचली गेली नाही.

वकीलबाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. टेबल गेले, स्वतःचे कार्यालय आहे. तिने जिल्हा न्यायालयात अपील चालू ठेवले आहे. मी भेटायला गेलो तर मला बाकावर न बसवता सरळ आत घेतले, मला तेच जास्त लागले. म्हणाली, “साहेब, जादा पुराव्याचा अर्ज करते. ती ओळ तिला वाचून दाखवली नव्हती, वकिलाकडे जाऊ नको असं तुम्ही सांगितलं होतं, एवढं प्रतिज्ञापत्रावर द्या. कोर्ट ऐकेलच असं नाही. पण बाईंखेरीज हे सांगणारं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.” हवालदार जाऊन सहा वर्षे झाली आहेत.

तिने मसुदा दिला. तो मी घरी आणला, आणि सही करण्यापूर्वी मी काय केले? माझ्या ओळखीच्या वकिलाकडे गेलो. यात माझे काय होईल ते विचारून आलो. त्याने सांगितले, पेन्शनला आता धक्का लागणार नाही, नाव मात्र खराब होईल.

मसुदा दीड पानाचा आहे. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला आहे, एकही ओळ न सोडता. पुढची तारीख जवळ आली आहे. दोन गुंठे मी तिला परत देऊ शकत नाही, घर देऊ शकत नाही. माझी एक सही मी तिला देणे लागतो. ती अजून केलेली नाही.